दर तासाला एक टेप

आपा गेल्या ते कळायच्या आधी मी त्यांना केक पाठवला. हे पहिलंच सांगून टाकती, कारण कंपनीतल्या आमच्या लाइनच्या बायका हे वाचतील आन् म्हणतील, बघा, केकवाली आता पेपरात लिवाय लागली. रविवार व्हता. तव्यावर भाकरी, मांडीला माझी लेक शिवू चिकटलेली, तिला अंगात ताप, आत्याबाई म्हंजी माझ्या सासूबाई दारातनं विचारत व्हत्या की मोटर बंद केली का, आन् तेवढ्यात मोबाईल वाजला. लाइनच्या ग्रुपवर आपांचा फोटो. हिरवी साडी, चष्मा, फोटोभवती फुलांची चौकट, खाली बरंच काय काय लिवलेलं. मी फोटो बघितला, फुलं बघितली, खालचं वाचलं न्हाई. शेवटपर्यंत वाचणं माझ्यानं व्हतच न्हाई. तीन केक टाकले आन् लिवलं, हॅप्पी बर्थडे आपा, शंभर वर्सं जगा. मोबाईल ठेवला, भाकरी उलटली, मोटर बंद करायला गेले, वाटंत वाळलेले कपडे दिसले म्हणून ते काढत बसले. मग संगीताचा फोन आला. ती कंपनीत माझ्या शेजारच्या बोर्डावर कामाला असती. म्हणली, "तू माणूस हाय का कोण गं? आपा सकाळी वारल्या, अटॅक आला, आन् तू केक कापती व्हय?" पुढचं मला ऐकू आलं न्हाई. भाकरीचा जळका वास आला तेवढा आठवतो. घाईनं तो मेसेज काढायला गेले तर माझ्याच मोबाईलवरनं गेला, बाकी समद्यांच्या मोबाईलवर तसाच राहिला... अजून हाय.

सहा आठवडे झाले त्याला. मी नववीपर्यंत शिकलेली, माहेर राहूचं, सासर केंदूरचं. मोबाईलमधी बोलून हे लिवती आन् मग एकेक ओळ परत बघती, कारण एका दमात सांगायला गेले की माझं एकाचं दुसरं व्हतं. कंपनीचं नाव लिवत न्हाई. मला भ्या वाटतं. कुणी म्हणंल, मग लिवतीच कशाला. तर त्याचंच सांगती.

रुकसाना आपा आमच्या लाइन लीडर. तळेगाव ढमढेऱ्याच्या. बाजारतळाच्या मागं त्यांचं घर, मालकांचं वेल्डिंगचं दुकान. कंपनीत बायका घ्यायला लागले तवा पहिल्या खेपेला ज्या चार-पाच जणी लागल्या त्यातल्या त्या एक. आम्ही गाडीच्या आतल्या वायरींचे जुडगे बनवतो, त्याला हार्नेस म्हणतात. पुढं एक मोठा बोर्ड असतो, त्याला खुट्या असतात, खुटीखुटीवरनं रंगारंगाच्या वायरी न्यायच्या, टोकं खटक्यात बसवायची, वरनं काळी टेप गुंडाळायची. मग तपासणीच्या टेबलावर तो जुडगा लावला की हिरवा दिवा लागला तर बरोबर, लाल लागला आन् भोंगा वाजला तर चुकला. तो भोंगा माझ्याच नावानं वाजायचा. निळ्यावर पांढरी रेघ आन् निळ्यावर काळी रेघ, समोर दिसत असून हात दुसरीकडं जायचा. एक क्लिप ऱ्हायचीच. कुणी मागनं गेलं की मान फिरायची, पंख्याचा आवाज आला की तिकडं, कुणाच्या बांगड्या वाजल्या की तिकडं. ह्याच्या आधी शिरूरला साड्यांच्या दुकानातनं मला काढलेलं, त्याच्या आधी पोल्ट्रीवरनं. दोन्ही जागी एकच बोलणं, तुझं लक्ष कुठं असतं. ते मला म्हाईत असतं तर मी सांगितलं नसतं का.

तर पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं की आपा माझ्यावर नजर ठेवत्यात. त्यांच्या ॲप्रनच्या खिशात एक छोटी डायरी असायची. माझा भोंगा वाजला की त्या घड्याळ बघायच्या आन् डायरीत काय तरी लिवायच्या. दुसऱ्या कुणाचा वाजला तर न्हाई लिवायच्या, मी बघितलं ना दोन-तीनदा. बोलायच्या न्हाईत, चिडायच्या न्हाईत. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, चिडणाऱ्या माणसाचं कळतं तरी. ह्या नुसत्या लिवायच्या. मी संगीताला म्हणलं, ही बाई माझी फाइल करतीय, महिन्याच्या शेवटाला आम्हाला कामावर लावणाऱ्या ठेकेदारापुढं ठेवणार. संगीता म्हणली, तुझी फाइल करायची तर वही पुरायची न्हाई, रजिस्टर लागंल.

मग त्यांनी विचारपूस सुरू केली. जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसायच्या, डब्यातलं काय तरी माझ्या झाकणात टाकायच्या आन् विचारायच्या, पोरी, शाळेत बी असंच व्हायचं का? सामान आणायला गेलीस तर काय आणायचं ते ध्यानात ऱ्हातं का? झोप कशी लागती? मी आपली हू हू करायची. आमच्या घरात एवढी चौकशी कुणी केली तर त्याच्या मागं काय तरी असतं. एकदा त्यांनी विचारलं, लेकीच्या बाबतीत कवा असं झालंय का, आन् माझ्या हातातला घास तसाच राहिला. कारण झालं व्हतं. शिवूला अंगणवाडीतनं आणायचं मी विसरले व्हते. फार न्हाई, पण सेविका तिला कडेवर घेऊन दारात आली तवा मी गच्चीवर डाळ निवडत बसलेली. आत्याबाई त्या दिवशी मला काय बोलल्या न्हाईत. शिवूच्या पप्पांना म्हणल्या, हिच्या जिवावर पोर ठेवायचं का आता? ते मी आतनं ऐकलं. तवापासनं माझ्या पोटात एकच भीती. नोकरी गेली तर गेली... पण नोकरी गेली की घरात सिद्ध होणार की हिच्यानं काहीच व्हत न्हाई, आन् मग माझी पोरगी माझ्या हाताखालनं जाणार. हे ह्या बाईला कुणी सांगितलं? मी आपांना म्हणलं, न्हाई, लेकीच्या बाबतीत कवाच न्हाई.

त्याच आठवड्यात ते झालं. मी डबा धुवायला नळावर गेलेली, भिंतीच्या पलीकडं आपा फोनवर बोलत व्हत्या. माझं नाव ऐकू आलं म्हणून नळ बंद केला. त्या म्हणत व्हत्या, "व्हय मॅडम, रोज बघती मी तिला. मला तर वाटतंय येडीच ती." माझ्या हातातलं झाकण मोरीत पडलं. येडीच ती. म्हंजी डायरीत हेच चाललेलं. एवढं गोड बोलून, डब्यातली भाजी देऊन, आन् तिकडं कुठल्या तरी मॅडमला सांगतीय की येडीच ती.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले न्हाई. त्यांनी भाजी टाकली तर झाकण उलटं केलं. तिसऱ्या दिवशी बसमधी त्या शेजारी येऊन बसल्या तवा माझा बांध फुटला. मी म्हणलं, "आपा, मला काढायचं तर सरळ काढा. येडी कशाला म्हणताय?"

"कोण म्हणलं?"

"तुम्ही. फोनवर. येडीच ती म्हणला."

आपा माझ्याकडं बघतच राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत व्हत्या. मला एवढा राग आला की बस थांबली असती तर उतरून चालत गेले असते. त्यांनी ॲप्रनच्या खिशातनं पेन काढलं, खिशातल्याच पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला, त्याच्यावर चार इंग्रजी अक्षरं काढली आन् माझ्या मनगटावर तो धरून एकेक बोट ठेवून वाचून दाखवलं. ए. डी. एच. डी. म्हणल्या, "आता भरभर म्हण." मी म्हणलं. एडीएचडी. परत म्हणलं... येडीच ती. मग मला बी हसू आलं आन् हसता हसता रडू, आन् पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आपा तिला म्हणल्या, काय न्हाई, आम्ही इंग्रजी शिकतोय.

मग त्यांनी डायरी दाखवली. मी ती हिसकावल्यासारखीच घेतली. त्यात माझी चूक लिवलेली नव्हती, चुकीची येळ लिवलेली व्हती, आन् तवा काय चाललेलं ते. भोंग्याजवळ बसवलं तवा. दोन माणसं एकदम बोलली तवा. सलग दीड तास उभी राहिली तवा. आन् काही पानांवर नुसतं, आज एक बी न्हाई, टेप आणायला दोनदा गेली व्हती. हे असं कुणी माझं कवा लिवलं नव्हतं. तरी मी म्हणलं, पण का? मीच का? मनात आलं ते विचारलं. मला कुणी फुकट चांगलं वागलं की भ्याच वाटतं.

आपांनी लगेच सांगितलं न्हाई. तळेगावचा थांबा यायला लागला तवा म्हणल्या, तुझ्या आधी एक पोरगी व्हती, दौंडची. अगदी अशीच. हुशार, पण एक काम सांगितलं की तीन सुरू करायची, एक बी पुरं न्हाई. तिच्याबद्दल ऑफिसात त्यांनीच लिवून दिलं, निष्काळजी हाय म्हणून. चार ओळी. त्या चार ओळींवर पोरगी घरी गेली. पुढं कंपनीत बायकांच्या तब्येतीचं एक शिबिर झालं, त्यात एका डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं की काही माणसांचा मेंदू असाच असतो, ती आळशी नसत्यात, येडी नसत्यात, मोठेपणी बी ते ऱ्हातं, आन् कामाची पद्धत जरा बदलली तर ती चांगलं काम करत्यात. आपा म्हणल्या, "मी तिथं बसल्या जागी गार पडले. मला ती दौंडची पोरगीच दिसत व्हती." एवढं बोलून उतरून गेल्या. फोनवरची मॅडम म्हंजी तीच डॉक्टर. मी घरी जाईस्तवर विचार करत व्हते, म्हंजी हे माझ्यासाठी न्हाईच तर. त्या दौंडच्या पोरीचं देणं माझ्या ताटात वाढतायत. खरं सांगती, मला ते तवा लागलं. आज वाटतं, कुणाच्या का वाटणीचं असंना, पोट तर माझं भरलं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जायला मला तीन महिने लागले. शिवूचे पप्पा आले संगं, पण घरी सांगितलं की डोकं दुखतंय म्हणून चाललोय. डॉक्टरांनी लहानपणापासनंचं विचारलं, कागद भरून घेतले, परत बोलावलं, परत विचारलं. मला वाटलं, हे बी फाइलच करतायत. शेवटी ते म्हणले, लक्ष नसतं असं न्हाई, ताई, लक्ष भरपूर हाय, ते कुठं लागावं ह्याच्यावर तुमचा ताबा कमी पडतो. गोळी लिवून दिली. शिरूरच्या मेडिकलवाल्यानं ती चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली, मग माझ्याकडं बघितलं, मग आत जाऊन कुणाला तरी फोन लावला. मी तिथनं पळूनच आले. गोळी पुढं शिवूच्या पप्पांनी पुण्यावरनं आणली. आन् एक सर्टिफिकेट मिळालं, इंग्रजीत, शिक्का मारलेलं, खाली मराठीत चार ओळी की ह्यांना कामाच्या जागी एका वेळी एकच सूचना द्यावी, आवाजापासून लांब बसवावं, मधनं मधनं हालचालीला मोकळीक द्यावी. तो कागद मी शिवूच्या लसीकरणाच्या फाइलमधी ठेवला. आत्याबाई सगळीकडं हात घालत्यात, पण लसीच्या फाइलीत न्हाई.

आपांना तो कागद ऑफिसात द्यायचा व्हता. मला न्हाई. माझं म्हणणं असं की कागदावर मेंदू हा शब्द आला की संपलं. आज एकच सूचना द्यावी म्हणून लिवलंय, उद्या त्याच कागदावर कुणी लिवंल की ह्या बाईला मशीनजवळ ठेवू नये, परवा लिवंल कामावर ठेवू नये, आन् कंपनीतलं गावात यायला किती येळ लागतो. आमच्या केंदूरच्या तीन जणी आहेत तिथं. आपा एकदाच म्हणल्या, बरं, नको तर नको. आन् त्यांनी ते सगळं तोंडीच सुरू केलं. माझा बोर्ड भोंग्यापासनं उचलून भिंतीकडच्या टोकाला नेला. खुट्यांना नंबराची चिकटपट्टी लावली, एक ते नऊ. सांगायचं असलं की डाव्या बाजूला येऊन उभ्या ऱ्हायच्या, एकच गोष्ट सांगायच्या आन् मी ती खुटी बोटानं दाखवीस्तवर हलायच्या न्हाईत. दुसरी गोष्ट असली तर जायच्या आन् परत यायच्या. आन् दर तासाला मला स्टोअरला पाठवायच्या, टेपचा एक रोळ आणायला. सकाळी आख्खा खोका मिळत असताना एकेक रोळ, तो मग त्या लागंल त्या बोर्डावर द्यायच्या. जाऊन येऊन पाच मिनिटं. ती पाच मिनिटं चालले की माझे हात परत माझे व्हायचे. भोंगा हळूहळू कमी झाला. महिन्यातनं एखाद्या वेळी, जसा सगळ्यांचा वाजतो तसा.

बायका बोलायच्या. आपांची लाडकी, म्हणायच्या. हिला फिरायचा पगार हाय, म्हणायच्या. संगीता एकदा तोंडावर म्हणली, अगं, मला बी एखादा आजार काढून दे की, भिंतीकडचा. मी काय बोलणार... कागद तर फाइलीत. आपा त्यांना एवढंच सांगायच्या की काम मी लावलंय, मला विचारा. पण त्यांना कोण विचारणार. असं दीड वर्ष गेलं. मधनं मधनं त्या मला बसमधी म्हणायच्या, कागद दे गं. मी उद्या दुसऱ्या लाइनला गेले तर तू काय सांगणार? मी म्हणायची, तुम्ही कशाला जाताय.

शेवटचं बोलणं शनिवारचं. त्याच बसमधी. त्या दमलेल्या दिसत व्हत्या, सारखं खांदा चोळत व्हत्या, मी विचारलं बी न्हाई काय झालं म्हणून. त्यांनी परत कागदाचा विषय काढला आन् त्या दिवशी माझं घरी भांडण झालेलं, मी खेकसले. म्हणलं, "तुम्हाला माझ्या कागदाचं एवढं काय पडलंय? तुमची बढती अडलीय का त्याच्यावर?" आपांनी पिशवी उचलली. मग म्हणल्या, "बढती झाली असती तर तुला पेढा दिला असता, पोरी. सोमवारी कागद आण." आन् तळेगावला उतरल्या. मी खिडकीतनं बघितलं बी न्हाई, मोबाईलमधी काय तरी बघत व्हते. काय बघत व्हते ते बी आता आठवत न्हाई.

सोमवारी शिवूच्या पप्पांना घेऊन त्यांच्या घरी गेले. दफन रविवारीच झालेलं. घरात बायका बसलेल्या, मी उंबऱ्याजवळच बसले. त्यांची सून पाणी घेऊन आली, माझ्याकडं बघत म्हणली, केक तुम्हीच पाठवला ना. मी मान खाली घातली. ती म्हणली, पाणी घ्या. रागानं म्हणली का कसं, मला अजून कळलं न्हाई. आपांच्या मोबाईलवर माझा मेसेज आलेला, तो तिनंच उघडला असंल... शंभर वर्सं जगा.

नवीन लाइन लीडर आले, किरण सर. माझ्यापेक्षा वयानं लहान. पहिल्याच दिवशी माझा बोर्ड रांगेत आणला, कारण लाइन सरळ दिसली पाहिजे. टेपचा खोका सकाळीच देऊन टाकला. चालता चालता सांगायचे, ताई, आज दोन नंबरचं मॉडेल आधी घ्या, क्लिप बदललीय, आन् ते कालचं रिजेक्ट उघडून ठेवा. मला पहिलं ऐकू यायचं, तिसरं ऐकू यायचं, मधलं जायचं. आठवड्यात भोंगा परत माझ्या नावचा झाला. मी कुणाला काय सांगणार. सांगायला एकच माणूस व्हतं. पाय एका जागी ऱ्हाईनात म्हणून मी दोनदा आपणहून स्टोअरला गेले रोळ आणायला, तर स्टोअरवाल्यानं किरण सरांना सांगितलं, ही बाई दीड वर्ष दर तासाला एक टेप नेतीय, विचारा तरी कशाला.

त्या दिवशी गेटवर माझी पिशवी उपडी केली. सगळ्यांसमोर. डबा, पदराची पिन, शिवूचा एक मोजा, अर्धा बिस्किटाचा पुडा. टेप निघाली न्हाई तर वॉचमनला वाईट वाटल्यासारखं झालं, दोनदा झटकली पिशवी. मागनं कुणीतरी म्हणलं, टेप घरी नेऊन करती काय ही? दुसरी म्हणली, सासूचं तोंड चिकटवती. सगळ्या हसल्या. मला बी हसू आलं असतं, माझ्यावर नसतं तर. पुरा रस्ता एकच डोक्यात, की बघा, आपांनी माझ्यासाठी जे केलं ते आता चोरीसारखं दिसतंय. त्या व्हत्या तवर ते काम व्हतं. त्या गेल्या आन् त्याची चोरी झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. एचआरच्या मॅडम, समोर किरण सर. मॅडम सावकाश बोलत व्हत्या, गोड. म्हणल्या, दीड वर्ष, दर तासाला एक रोळ, लाइनला एवढी टेप लागत न्हाई, काय कारण असेल? मी शिवूची लसीची फाइल पिशवीतनं काढली. ती मी सकाळीच टाकलेली. आधी झेरॉक्स काढून आणलेली, ओरिजिनल द्यायची न्हाई हे मी ठरवलेलं. झेरॉक्स टेबलावर ठेवली आन् म्हणलं, ह्याची पोच द्या, सही शिक्क्याची. मॅडम म्हणल्या, आधी वाचू तर द्या. मी म्हणलं, वाचा, पण पोच द्या.

त्यांनी वाचलं. किरण सरांनी बी वाचलं, त्यांचे कान लाल झाले, मग ते खिडकीकडं बघायला लागले. मॅडमनी विचारलं, हे आधी का न्हाई दिलं? मी म्हणलं, भ्याले. त्या म्हणल्या, ह्यात लिहिलंय तसं करता येईल, अवघड काही न्हाई. शिक्का मारून पोच दिली. मला हलकं वाटायला लागलं आन् तेवढ्यात त्यांनी ड्रॉवरमधनं एक फॉर्म काढला. वर माझं नाव, खाली रकाने. एका रकान्यात, बदलाची मागणी कोणी केली. त्याच्या खाली, यापूर्वी असा बदल केला असल्यास कोणाच्या परवानगीने.

माझा हात तिथंच थांबला. परवानगी तर कुणाचीच नव्हती. आपांनी वर कुणाला विचारलं नव्हतं, मीच विचारू दिलं नव्हतं. आता तिथं त्यांचं नाव लिवलं तर उद्या म्हणणार की लाइन लीडरनं मनानंच काम फिरवलं, टेप मनानंच वाटली, आन् उत्तर द्यायला माणूस न्हाई. न लिवलं तर मग दीड वर्ष मी कुणालाच न विचारता फिरत व्हते, म्हंजी चोरच. मी मॅडमना विचारलं, "गेलेल्या माणसाला तुम्ही काय करणार?" त्या म्हणल्या, "काहीच नाही हो. रेकॉर्डला लागतं." रेकॉर्डला लागतं म्हणणाऱ्यावर माझा इस्वास न्हाई. मी म्हणलं, फॉर्म घरी नेते, सुट्टी हाय उद्या, परवा देते. त्या म्हणल्या, न्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी शिवूला झोपवलं आन् आत्याबाईंसमोरच फॉर्म काढून बसले. लपवून लपवून दमले. त्यांनी विचारलं काय गं ते. मी सांगितलं, सगळं न्हाई, पण सांगितलं. दवाखाना, कागद, आपा. त्यांनी ऐकून घेतलं आन् म्हणल्या, म्हंजी तू मुद्दाम करत नव्हतीस? मी म्हणलं, न्हाई. त्यांनी शिवूचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणल्या, ती मुसलमानाची बाई ना, तळेगावची, तिला काय पडलेलं एवढं? मी म्हणलं, मला बी तेच वाटायचं.

मागणी कोणी केली, ह्या रकान्यात काय लिवायचं हेच कितीतरी येळ कळंना. मी कवा मागितलंच न्हाई. मी मागावं म्हणून आपा दीड वर्ष वाट बघत व्हत्या आन् मी त्यांच्यावर खेकसत व्हते. तिथं मी माझं नाव लिवलं. त्या दिवसाची तारीख टाकली आन् दुसऱ्या दिवशी फॉर्म देऊन आले. आता किरण सर येऊन एकच गोष्ट सांगत्यात आन् थांबत्यात. थांबत्यात ते मला कळावं म्हणून, का मी चुकते का ते बघायला, मला अजून ओळखता येत न्हाई. फॉर्मचं पुढं काय झालं ते बी कुणी सांगितलं न्हाई. मी रोज विचारती.

परवानगीचा तो खालचा रकाना दोन बोटांचा. त्यात मी लिवलं, रुकसाना आपा, लाइन लीडर, त्यांना बरोबर वाटलं म्हणून. एवढंच मावलं. बाकीचं तिथं बसंना, ते इथं लिवलं. उद्या कुणी आपांचं नाव काढून विचारलं की हे सगळं कुणी चालवलं व्हतं, तर मी हे छापून आलेला पेपर त्यांच्या टेबलावर ठेवीन आन् त्याची बी पोच मागीन.